बिनतारी जाळ्यांची रचना

संगणक परस्परांशी कोणत्या पद्धतीने जोडले आहेत, त्या आराखड्याला जाळ्याची रचना अर्थात 'टोपोलॉजी' म्हणतात. तारांच्या जाळ्यात ती केबल कोठून कोठे गेली आहे यावरून ठरते. बिनतारी जाळ्यात मात्र कोणत्या यंत्राचे रेडिओ संकेत कोणापर्यंत पोहोचतात, यावरून ती ठरते.

तारका रचना : यात सर्व यंत्रे एका मध्यवर्ती केंद्रामार्फतच संपर्क साधतात. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेले 'अलोहानेट' याच प्रकारचे होते. घरातील वाय-फायही बहुधा असेच असते. उभारणी सोपी, पण केंद्र बंद पडले की सारे जाळे ठप्प होते. शिवाय केंद्राच्या दोन टोकांकडील यंत्रांना परस्परांचे संकेत ऐकू येत नसल्यास ती एकाच वेळी संदेश पाठवतात आणि त्यांची टक्कर होते.

थेट रचना : 'अ‍ॅड हॉक' पद्धतीत जवळची यंत्रे केंद्राविना परस्परांशी जोडली जातात.

जाळीदार रचना : 'मेश'मध्ये यंत्रे शेजाऱ्याचा संदेश पुढे पोहोचवतात. एक दुवा तुटला, तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो. वाय-फायसाठी तिचे '८०२.११एस' हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र एकाच चॅनेलवर ऐकणे व पुढे पाठवणे आळीपाळीने करावे लागत असल्याने प्रत्येक टप्प्यागणिक वेग घटतो.

म्हणूनच वेग व सोय हवी तेथे तारका रचना पुरते. आपत्तीतही संपर्क टिकवायचा असेल, तेथे मेश उपयुक्त ठरते.