लेले फोरूड: तेरा वर्षं दुसऱ्या खुर्चीत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ७.५२ च्या फास्टमध्ये खिशातून हेडफोन काढायलाही हात हलत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेलं ‘अं... म्हणजे...’ तेवढं वगळलंय.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात ‘टेनिस’ म्हटलं की पहिल्यांदा क्रिकेट आठवतं. टेनिस बॉलचं क्रिकेट. बॉल आपल्याकडे पोचला, कोर्ट काही पोचलं नाही. त्यामुळे ‘कॉलेजच्या मुलींच्या टेनिस टीमची हेड कोच’ ही पूर्ण वेळेची, पगाराची नोकरी असते, तीसुद्धा एखादी बाई वीस-वीस वर्षं करते, हे ऐकून माझ्या आईने विचारलं, “म्हणजे पीटीच्या बाई का?” प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सुरुवात तिथूनच झाली होती.

आज जिची गोष्ट सांगतोय तिचं नाव लेले फोरूड. थांबा, आपल्या लेल्यांशी काही संबंध नाही! इथे लेले हे टोपणनाव आहे आणि फोरूड आडनाव. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची ती माजी खेळाडू आणि पुढे तिथल्याच महिला टेनिस संघाची हेड कोच.

तिच्याकडे येण्याआधी एक तारीख लक्षात ठेवा: २३ जून १९७२. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातल्या ‘टायटल नाइन’ नावाच्या कलमाचा गाभा म्हणजे इंग्रजीतलं फक्त ३७ शब्दांचं एक वाक्य. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही! पण विद्यापीठांची मैदानं शिक्षणाचाच भाग असल्यामुळे ते वाक्य तिथेही लागू झालं. मुलींच्या टीमला कोर्ट, प्रवासखर्च, स्कॉलरशिप आणि पगारी कोच द्यावा लागला. एका ओळीचा बदल आणि अख्खी सिस्टिम वेगळी वागायला लागली, असं आमच्या कोडिंगमध्ये अधूनमधून होतं. पण तिथे बहुतेक वेळा काहीतरी बिघडतं.

इथेही एक गोष्ट उलटी झालीच, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७२ च्या आधी मुलींच्या संघांच्या कोच ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी बायकाच होत्या. बऱ्याच जणी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, कोचिंग वरकाम म्हणून, फुकट किंवा नाममात्र पैशात. कायद्यामुळे त्या कामाला पगार आला, प्रतिष्ठा आली, आणि मग पुरुषांचे अर्ज आले. २०१४ पर्यंत मुलींच्या संघांच्या बाई कोच साधारण ४३ टक्क्यांवर आल्या होत्या. कायदा मुलींसाठी होता, खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या, आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांचा वाटा निम्म्याहून खाली गेला. काम फुकट असेपर्यंत ते बायकांचं आणि पैसे मिळायला लागले की सगळ्यांचं, हे आपल्याकडे घरचा स्वयंपाक आणि हॉटेलातला शेफ यांच्यात रोजच दिसतं.

स्टॅनफर्डमध्ये हेच छोट्या आकारात झालं. १९७८ साली तिथल्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा कोच होत्या ॲन गूल्ड. मुलींच्या स्पर्धा तेव्हा वेगळी महिला संघटना भरवायची. १९७९ मध्ये फ्रँक ब्रेनन हेड कोच झाले. १९८२ पासून एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची तिथली सर्वात मोठी संघटना, मुलींच्या टेनिसची स्पर्धा घ्यायला लागली. पहिलंच विजेतेपद ब्रेनन यांच्या संघाचं. १९८६ ते १९९१ सलग सहा वर्षं तेच जिंकले. २००० मध्ये ते थांबले तेव्हा खात्यावर दहा विजेतेपदं होती. माणूस ग्रेटच, त्यात वाद नाही.

पण त्यातली शेवटची तेरा वर्षं त्यांच्या बाजूच्या खुर्चीत फोरूड होती. पद असोसिएट हेड कोच. काम बघितलं तर जवळपास तेच असतं: सराव घ्यायचा, नवीन मुली शोधायच्या, सामन्यात कोर्टाच्या कडेला बसायचं. ट्रॉफीच्या यादीत मात्र नाव एकाचंच लागतं. आयटीतल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ती हेड कोच झाल्यावर पहिला हंगाम २००१ चा. विजेतेपद. २००२, पुन्हा विजेतेपद. २००३ ची फायनल फ्लोरिडाकडून ३-४ अशी गेली. त्यानंतर २००४, २००५, २००६ या तिन्ही हंगामांत स्टॅनफर्डच्या मुली एकही सामना हरल्या नाहीत. तीन वर्षं, शून्य पराभव!

आता हा ‘सामना’ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं, कारण टीव्हीवरचं टेनिस आणि कॉलेजचं टेनिस यांत बराच फरक आहे. कॉलेजात लढत संघाची असते. आधी डबल्सच्या तीन मॅच, तिन्ही एकाच वेळी शेजारच्या कोर्टांवर. त्यातल्या दोन जिंकल्या की मिळून एक गुण. मग सहा सिंगल्स, प्रत्येकीचा एक गुण. एकूण सात, आधी चार मिळवणारा संघ जिंकला. सहा कोर्टांवर सहा मुली एकदम खेळतायत आणि कोच या जाळीपासून त्या जाळीपर्यंत फिरतेय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. व्यावसायिक टेनिसमध्ये वर्षानुवर्षं कोचला प्रेक्षकांत गप्प बसावं लागायचं, खुणा केल्या तरी दंड. कॉलेजात कोच खुशाल कोर्टावर जाऊन बोलू शकते. म्हणजे कोणाजवळ आत्ता उभं राहायचं, हाच तिचा खरा डाव. एक नंबरची खेळाडू ४-१ ने पुढे आहे, पाच नंबरवाली ढेपाळतेय. कुठे जाणार? सहाव्या क्रमांकाच्या मुलीचा गुण आणि पहिलीचा गुण सारखाच असतो!

म्हणून फोरूडची मला सगळ्यात आवडणारी वर्षं ती अजिंक्य वर्षं नाहीत. २०१६ आणि २०१८ आहेत. स्पर्धेत ६४ संघ, त्यांतल्या १६ संघांना मानांकन. दोन्ही वर्षी स्टॅनफर्डला १५ वं मानांकन, म्हणजे वर्गात काठावर पास. आणि दोन्ही वर्षी त्यांनी स्पर्धा जिंकली. २०१६ ची फायनल ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध ४-३, २०१८ ची व्हँडरबिल्टविरुद्ध ४-३. इतक्या खालच्या मानांकनावरून त्याआधी कोणी जिंकलं नव्हतं. सलग जिंकणाऱ्या संघात चांगल्या मुली आहेत हे कळतं. काठावरचा संघ दोनदा ४-३ ने जिंकतो तेव्हा शेवटच्या तासाला जाळीजवळ कोण उभं होतं, हे विचारावंसं वाटतं. २०१९ ला आणखी एक, जॉर्जियावर ४-०. तिची एकूण विजेतेपदं दहा. ब्रेनन दहा, फोरूड दहा. आणि तिचा बराच काळचा सहकारी कोच कोण? ब्रेनन यांचाच मुलगा, फ्रँकी. सासूने सुनेच्या हाताखाली मुलाला ठेवावं तसं झालं हे, पण चाललं छान.

आता आपल्याकडे येऊ. २०१३ च्या फायनलमध्ये फोरूडच्या संघाने टेक्सस ए अँड एम विद्यापीठाला ४-३ ने हरवलं होतं. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले पुढे त्याच टेक्सस ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळली. हो, तीच! ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला, टायब्रेक १०-४.

टेनिस हा खर्चाचा खेळ. रॅकेट, कोर्टाचं भाडं, परदेशी स्पर्धा. इथल्या बहुतेक घरांत अठराव्या वर्षी हिशोब बसेनासा होतो आणि मुलगी सीए नाहीतर इंजिनिअरिंगला जाते. त्या वयात अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाकडे मुलींच्या टेनिससाठी आठ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या (नियम आता बदललेत). त्या आठ कोणाला द्यायच्या, हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे हेड कोच. इथून मुली आपल्या खेळाचे व्हिडिओ ईमेल करतात ते तिलाच. मी शिकलो त्या कॉलेजात ‘स्पोर्ट्स इन्चार्ज’ सर आम्हाला मेकॅनिक्सही शिकवायचे, आणि टुर्नामेंटच्या आठवड्यात दोन्ही कामांचे हाल व्हायचे. त्यांचा दोष नाही. पद म्हणून ते काम कुठे लिहिलेलंच नव्हतं.

जाता जाता टेक्सस ए अँड एमचं पुढे काय झालं ते सांगतो. २०१५ मध्ये तिथले हेड कोच हॉवर्ड जॉफी शेजारच्या टेक्सस विद्यापीठात गेले आणि २०२१ व २०२२ मध्ये त्यांनी तिथे विजेतेपदं मिळवली. ए अँड एममध्ये त्यांच्या बाजूच्या खुर्चीत असलेले मार्क वीव्हर हेड कोच झाले. २०२४ च्या फायनलमध्ये त्यांच्या संघाने जॉर्जियाला ४-१ ने हरवलं. ए अँड एमच्या मुलींचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

चला, डोंबिवली आली. भेटू पुढच्या भागात!