काचेवरचा चरा

नागपूरच्या गांधीबागेंतील कापडपेठेंत दर्शनी काच म्हणजे दुकानदाराची अब्रूच. ती पुसल्यावर चरा दिसला, कीं पुसणारावर बोट रोखलें जातें. काचेचा इतिहास मात्र कांहीं निराळेंच सांगतो.

साबणाच्या पाण्यानें नि फडक्यानें काचेला चरा पडत नाहीं. पडतो तो वाळूसारख्या कठीण कणानें. 1874 मध्यें आल्फ्रेड द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थानें तापलेली काच तेलांत बुडवून टणक करण्याचें पेटंट घेतलें. पुढें तेलाच्या जागीं थंड हवेचे झोत आले. आतां सहाशें अंशांहून अधिक तापलेली काच भट्टींत रुळांवरून सरकते. कापलेल्या कडेचा चुरा नीट धुतला नसेल, तर तो तेथेंच पृष्ठभागाला चिकटतो. डोळ्यांस तो दिसत नाहीं. पुसणारानें पातें फिरविलें, कीं कण उखडतो आणि ओरखडा मागें राहतो. दोष भट्टींतला, आळ मजुरावर!

अर्थात् मजूर नेहमींच निर्दोष नसतो. कोरड्या धुळीवर पातें चालविणारास कोण वांचविणार? जाणता कारागीर आधीं काचेवरून बोट फिरवून खरखर पाहतो, जुने चरे मालकास दाखवितो, नि मगच पाण्याला हात लावतो.

कायद्याची वाटहि सरळ नाहीं. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सेवेंतील उणिवेबद्दल दाद मागतां येऊं लागली. 2002 च्या दुरुस्तीनें व्यापारी कारणासाठीं घेतलेली सेवा त्यांतून वगळली. 2019 च्या कायद्यानें तेंच राखलें. घरच्या खिडकीचा मालक ग्राहक आयोगाकडे जाऊं शकतो. कापडाच्या व्यापाऱ्यास बहुधा दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.