सुभेदारांच्या घरचे भजन

म्हसळ्याला बोलायचे ठरले तेव्हा संयोजकांना मी म्हटले, खाडीपलीकडच्या एका पेन्शनरविषयी बोलतो. इथून श्रीवर्धनच्या बाजूने बागमांडल्याला जायचे, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचे, की मंडणगड तालुका लागतो. त्या तालुक्यातले आंबडवे हे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव. आपण त्यांना बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो. आज जरा त्यांच्याजवळच बसू या.

रामजींचे वडीलही फौजेतले. त्या काळच्या फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेची पायरी ज्याला बंद, त्याला छावणीत अक्षर मिळाले. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षक झाले आणि फौजेच्या शाळेत १४ वर्षे हेडमास्तर होते. पण १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची भरतीच थांबवली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, तेही निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. त्याच सुमारास रामजी पेन्शन घेऊन दापोलीला आले. ज्या दारातून आपण आत गेलो ते दार आपल्या मुलांसाठी बंद झालेले त्यांनी पाहिले. मग उरले काय? पेन्शन, पुस्तके आणि भजन.

रामजी कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन, कबीराचे दोहे, संतांचे अभंग. मुलांनी ते म्हटल्याशिवाय पान वाढले जात नसे. आता तुम्ही म्हणाल, सर, ही तर भक्ती झाली, यात कलेची आवड कुठे आली? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला हा भेद फार दिवस पटत होता. आता पटत नाही. या घरात गाणे फावल्या वेळेचे नव्हते. कवायतीसारखे रोजचे होते. आणि शब्द रोज तोंडात घोळला की तो कधीतरी डोक्यात शिरतो.

पुस्तकांचेही तसेच. पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड होते. मुलाला पुस्तक हवे असले की सुभेदार धाकट्या मुलीकडे पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीचा दागिना मागून तो गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. मुलाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवायचे म्हणून तोवर स्वतः जागत आणि मग झोपत. या हिशेबात त्या दोन लेकींचे नाव आपण क्वचितच घेतो. ते घ्यायला हवे.

आता मुख्य गोष्ट. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की वडील संध्याकाळी त्यांना रामायण-महाभारत वाचायला बसवत. बहिणी आणि शेजारपाजारची माणसे कथा ऐकायला येत. एकदा मुलाने विचारले, हे ग्रंथ आपण का वाचायचे? वडिलांचे उत्तर असे, की आपण अस्पृश्य, तुझ्या मनात न्यूनगंड येईल. कर्ण, द्रोण, वाल्मीकी लहान घरातून कुठवर गेले ते बघ. मुलाला मुद्दा कळला, पण समाधान झाले नाही. ही पात्रेच आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने सांगून टाकले. आणि वडील गप्प राहिले.

मंडळी, मला या गप्प राहण्याचे फार मोल वाटते. शिस्तीचा सुभेदार, हुकूम देण्याची सवय, आणि काळ तर बापाला उलट न बोलण्याचा. त्यांनी मुलाला दटावले नाही. ज्यावर आपले प्रेम आहे ते दुसऱ्याने नाकारले तर ऐकून घेणे, हीच रसिकतेची खरी परीक्षा. कबीर नुसता गायला असता तर हे जमले नसते. तो त्यांच्या अंगात उतरला होता.

जानेवारी १९१३ मध्ये मुलगा बडोद्याच्या नोकरीवर गेला. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना तो वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा शेवटची घटका होती. २ फेब्रुवारी १९१३ला सुभेदार गेले.

१९५४ साली बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि फुले. यातला कबीर कुठून आला, ते आता वेगळे सांगायला नको. रामायण-महाभारत मुलाने बाजूला ठेवले, कबीर ठेवला. निवड त्याची, पण निवडायला घरात काही होते, ते सुभेदारांमुळे.

आपल्या रायगड-रत्नागिरीत गावोगाव निवृत्त सैनिक आहेत. माणगावकडच्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवे. पण घरी परतलेला म्हातारा पेन्शनर संध्याकाळी काय गात असे, कोणती पोथी वाचत असे, हे कुणी विचारत नाही. तुमच्या घरात असा कुणी असेल तर आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि वहीत लिहून घ्या. आणि तुम्हाला एखादे पद पटले नाही तर तसेही सांगा. तो खरा रसिक असेल तर ऐकून घेईल.