कडा करप्याची कुळकथा

वादळी पाऊस होऊन गेला की पेण-रोह्याच्या खाचरांत भाताची काही पानं टोकाकडून पिवळी पडू लागतात. पिवळेपणा कडेकडेने नागमोडी रेघ धरून खाली उतरतो आणि पान वाळून पेंढ्याच्या रंगाचं होतं. सकाळी त्या कडेवर दुधाळ थेंब दिसले तर शंका उरत नाही: हा कडा करपा.

भारतातली या रोगाची पहिली नोंद 1951 सालची आणि ती आपल्याच कुलाबा जिल्ह्यातली. पेण, रोहा तेव्हा कुलाब्यात होते. रायगड हे नाव 1981 मध्ये आलं. जपानमध्ये फुकुओकाकडे मात्र हा रोग 1884 पासून माहीत होता. 1963 मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात मोठी साथ आली. पुढे तायचुंग नेटिव्ह-1 सारखे बुटके वाण आले, नत्राची मात्रा वाढली आणि करप्याला रान मोकळं मिळालं.

या कथेतला खरा नवलाचा भाग यानंतरचा आहे.

प्रत्येक जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा असतो, प्रमोटर. जनुक कोणत्या अवयवात, कधी आणि किती चालायचं हे बरंचसं तिथे ठरतं. भातातलं स्वीट-11 हे जनुक साखर पेशीबाहेर सोडणारं प्रथिन बनवतं. परागकण पोसायला ते हवंच. पानात ते जवळजवळ निजलेलं असतं. करप्याचा जिवाणू पानाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो, पाणी वाहणाऱ्या शिरांत ठाण मांडतो आणि आपलं एक प्रथिन भाताच्या पेशीत सोडतो. ते प्रथिन स्वीट-11च्या प्रमोटरवरची ठरावीक अक्षरं ओळखतं, तिथेच चिकटतं आणि निजलेलं जनुक जागं करतं. साखर पाझरू लागते, जिवाणू पोसला जातो.

बीजे-1 या जुन्या वाणात नेमका हाच पट्टा बदललेला आहे. जिवाणूच्या किल्लीला तिथे कुलूपच सापडत नाही. परागाचं काम चालू राहतं, फक्त पानातली चोरी थांबते. जनुकच दडपलं असतं तर पराग कमकुवत होऊन लोंब्या पोचट राहिल्या असत्या. चिनी संशोधकांनी 2006 मध्ये हे उलगडलं तेव्हा पैदासकार या रूपाला एक्सए-13 या नावाने आधीच ओळखत होते. एवढ्याशा बदलात केवढं शहाणपण दडलेलं आहे! माणसाने तो घडवला नाही. शेतकऱ्यांनी राखलेल्या बियाण्यात तो टिकून राहिला.

पुढे सुधारित पुसा बासमती-1 मध्ये एक्सए-13 आणि एक्सए-21 ही करपा रोखणारी दोन जनुकं एकत्र आणली गेली. 2008 च्या सुधारित सांबा मसुरीत एक्सए-5 सुद्धा आहे. जोडी लागते, कारण काही जिवाणू स्वीट-11 सोडून साखरेचं दुसरंच जनुक जागं करतात आणि एकट्या एक्सए-13 ला चकवतात.

शिवाय एक्सए-13 अप्रभावी आहे. आई-बाप दोघांकडून बदललेला पट्टा आला तरच रोप वाचतं. एका बाजूने जुना पट्टा आला तरी जिवाणूचं काम होतं. रायगडातल्याच कर्जतच्या संशोधन केंद्रात 'सह्याद्री'सारखे संकरित भात तयार झाले. अशा संकरात ही ताकद आणायची तर ती दोन्ही पालक वाणांत आधी भरावी लागते.