आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडकाच्या स्पर्धेत ‘आवाज कुणाचा?’ अशी आरोळी उठली, की पोरं घसा फाडून आपापल्या कॉलेजचं नाव सांगतात. आमच्या गाडीतून आवाज यायला लागला तेव्हा मात्र त्याची जबाबदारी घ्यायला गाडीतला एकही पार्ट पुढे येईना.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालचं मॉडेल. आमच्या अण्णांनी १९९६ साली रेल्वेतून रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून ती सेकंडहँड घेतली. गाडी जुनी असली तरी घराण्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना घातला. तिथे इटलीच्या फियाटची गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. पण बारसं झालं तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. याच वालचंदांनी १९३३ साली आमच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला साखर कारखाना उभा केला आणि पुढे तिथल्या गोळ्या घरोघर गेल्या. म्हणजे लहानपणी तोंडात आणि मोठेपणी दारात, माझ्याकडे वालचंदांचीच चीज होती.

तर २००९ चा मे महिना. कल्याणला मेहुणीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. अण्णांसह सगळ्यांनी गाडीनेच जायचं, म्हणजे कसारा घाट उतरून जायचं, असं ठरलेलं. आणि गाडी बोलायला लागली.

टक्. मग जरा थांबून पुन्हा, टक्.

आपल्याकडे आजारी माणसाला आणि गाडीला सल्ले फुकट मिळतात. शेजारचे मास्तर म्हणाले, “पाट्यांचे बुश गेले.” बँकेतला शिपाई म्हणाला, “सायलेन्सर सुटलाय, साहेब.” आमचे हेड कॅशियर, ज्यांनी आयुष्यात लूनाच्या वरचं वाहन चालवलं नव्हतं, ते डोळे मिटून “बेअरिंग!” एवढंच म्हणाले. सौ. म्हणाली, “अहो, मागे गोळ्यांचा डबा राहिला असेल.” डबा होता. त्यातल्या गोळ्या चिरंजीवांनी संपवल्या होत्या. रिकामा डबा घरात आणून ठेवला, तरी टक् चालूच.

शेवटी गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिक मला शेजारी बसवून गंगापूर रोडला निघाला आणि त्याने काटा साठावर नेला. आवाज बंद! दवाखान्याची पायरी चढताच दाढ दुखायची थांबते, तसं. त्याने तरीही बुश बदलले, सायलेन्सरचा क्लॅम्प बदलला, बिल दिलं. परत येताना रविवार कारंजाच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली आणि पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला मेकॅनिक अतिशय अदबीने म्हणाला, “साहेब, एकदा कान दाखवून घ्या.”

आवाजावरून दोष ओळखणं हे गॅरेजवाल्यांचं शास्त्र, असा माझा तोवर समज होता. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की निदान डॉक्टरांकडे तरी हे शास्त्र दारूच्या पिंपावरून आलेलं आहे. ऑस्ट्रियात ग्राझ गावी एका खाणावळवाल्याचा मुलगा होता, लिओपोल्ड आउएनब्रुगर. बाप तळघरात पिंपांवर टिचक्या मारून दारू कुठपर्यंत आहे ते सांगायचा. भरलेल्या भागाचा आवाज बद्द, रिकाम्याचा पोकळ. मुलगा व्हिएन्नात डॉक्टर झाला आणि त्याने हीच टिचकी माणसाच्या छातीवर मारून आत पाणी साठलंय का ते ओळखायला सुरुवात केली. १७६१ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. लोकांनी फारसं लक्षच दिलं नाही. १८०८ साली नेपोलियनच्या डॉक्टरने, कोर्व्हिसारने, त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले. पुढच्या वर्षी आउएनब्रुगर वारला. (आता आमच्या नाशिकलाही वाइनची पिंपं झाली आहेत. पण त्यांतून डॉक्टर निघाल्याचं ऐकिवात नाही, पेशंट निघत असावेत.)

पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक नावाच्या डॉक्टरकडे एक अंगानं भरलेली तरुण बाई आली. तिच्या छातीला कान कसा लावायचा, या संकोचाने त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आलं! स्टेथोस्कोप जन्मला तो असा, भिडस्तपणातून. गॅरेजातला मिस्त्री इंजिनवर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतो, तो या लाएनेकचाच चुलतभाऊ.

अर्थात हे समजायला पॅरिसला जायची गरज नव्हती. माठ घेताना आमची आजी टिचकी मारल्याशिवाय पैसे काढत नसे. आणि ज्यांनी उभा जन्म टिचक्या मारण्यात काढला, असे एक गृहस्थ आमच्याच घरात पेपर वाचत बसले होते.

अण्णांची सगळी नोकरी इगतपुरीला, कॅरेज अँड वॅगन खात्यात. कसारा ते इगतपुरी हा घाटातला लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. चढताना मागून जादा इंजिनं लावायची आणि उतरण्याआधी इगतपुरीला गाडी तपासायची. तिथे अण्णा लांब दांड्याचा हातोडा घेऊन एकेक चाक ठोकत जायचे. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. माणूस झोपेत असतो, त्याला वाटतं गाडी उगाच थांबली आहे. खाली एक माणूस त्याच्या जिवाचा आवाज ऐकत असतो.

मग अण्णांना आम्ही का विचारलं नाही? कारण अण्णांना आता ऐकू येत नव्हतं. इंजिनं आणि हातोडे ऐकून कान गेले होते. बहिऱ्याला आवाजाबद्दल काय विचारायचं, इतका साधा हिशोब. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, माझे हिशोब साधेच असतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच पेपर खाली ठेवला. म्हणाले, “आवाज कसा येतो ते सगळे सांगताहेत. कधी येतो ते सांग.”

मी उत्तरं ओरडून देत होतो, त्यामुळे आमच्या गाडीची प्रकृती अख्ख्या सोसायटीला कळली.

“उभ्या गाडीत, इंजिन चालू असताना?”

“नाही, अण्णा!”

“इंजिन सुटलं. उतारावर न्यूट्रलमध्ये?”

“येतो!”

“चाकाकडचा आहे. पळवल्यावर?”

“बंद होतो!”

अण्णा हसले आणि खडू मागितला. प्रत्येक टायरवर एक रेघ ओढली. सौ. गाडी चालवतेय, मी चाकाशेजारून ओणवा होऊन चालतोय आणि अण्णा मडगार्डवर तळवा ठेवून मागून येताहेत, अशी आमची मिरवणूक सोसायटीच्या रस्त्यावरून निघाली. पुढच्या डाव्या चाकाशी अण्णांनी हात वर केला. रेघ एकदा फिरली की एक टक्. माझ्या कानाला ऐकू येत होतं, त्यांच्या तळव्याला.

त्यांनी चाकावरची चकचकीत व्हीलकॅप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. आतून चाक आवळायच्या नट-बोल्टांपैकी एक गडी ठण्‌कन रस्त्यावर पडला. राहिलेले नुसत्या बोटांनी फिरत होते.

गाडी हळू असली की तो सुटलेला गडी वाटीत वर चढायचा आणि खाली पडायचा, टक्. वेग वाढला की कडेला चिकटून गप्प बसायचा. पाण्याची बादली गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तसा. म्हणजे मेकॅनिक खरं बोलत होता आणि मीही. फक्त आम्ही दोघं वेगवेगळ्या वेगाने खरं बोलत होतो. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बायकापोरांसह कसारा घाट उतरणार होतो.

“हे चाक शेवटचं कुणी बसवलं?” अण्णांनी विचारलं.

दहा दिवसांपूर्वी ओझरजवळ गाडी पंक्चर झाली होती. भर उन्हात, घाईघाईने, कुणाची मदत न घेता स्टेपनी लावल्याबद्दल एका माणसाने घरी येऊन बरीच फुशारकी मारली होती. आवाज कुणाचा, ते मला कळलं.

बँकेत फरक शोधताना आमच्याकडे एक युक्ती आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याचा संभव, ५४ चे ४५. मग आम्ही सगळ्यांची खाती तपासतो. आपलं स्वतःचं पान सर्वांत शेवटी.

नवा बोल्ट आणला, सगळे आवळले आणि सकाळी निघालो. घाटात अण्णा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. कसाऱ्याला खाली पोचल्यावर त्यांनी दारावरचा तळवा काढला आणि म्हणाले, “चाकं ठीक आहेत.”

पद्मिनीचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं आणि २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीलाही रस्ता सोडावा लागला. आमचीही गेली आणि अण्णाही गेले. नव्या गाडीत काही बिघडलं की दिवा लागतो, त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही. तो जुना बोल्ट मात्र माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. संध्याकाळी फरक निघाला की मी तो उचलतो आणि आधी माझंच पान काढतो.

बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो.