कळलावी, बाळंतशेपा आणि फोर्ट विल्यम

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फोर्ट विल्यमचे नाव येते ते व्याकरण आणि कोश यांच्या निमित्ताने. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० साली कलकत्त्यात या किल्ल्याच्या नावाने कॉलेज काढले. तिथे विल्यम कॅरे मराठी शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा त्यांचे साहाय्यक होते. कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात छापला गेला.

याच कॅरे यांना झाडांचेही वेड होते. हुगळीपलीकडे शिबपूरला कंपनीची बाग होती. तिचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलेली तिथल्या वनस्पतींची यादी कॅरे यांनी १८१४ मध्ये छापली आणि १८२० पासून त्यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ प्रसिद्ध करायला घेतला. मराठी शब्द आणि हिंदुस्थानातल्या वनस्पती अशा एकाच माणसाच्या हातून छापल्या जात होत्या.

रॉक्सबर्ग यांनी अशोकाला 'जोनेसिया' हे कुलनाम दिले, ते सर विल्यम जोन्स यांच्या स्मरणार्थ. बंगालच्याच चक्रपाणिदत्ताने अकराव्या शतकात बाईच्या अतिरक्तस्रावावर अशोकाची साल घालून उकळलेले दूध सांगितले होते. साहेबाने झाड नोंदवले, वैद्याने औषध नोंदवले. ज्या बाईला ते द्यायचे आणि जी सुईण ते उकळायची, त्या दोघींची नोंद कुठेच झाली नाही.

बायकांचे ज्ञान म्हणजे ग्रंथांचीच उजळणी, असेही नाही. चरकाने दूध वाढवणाऱ्या दहा द्रव्यांची यादी दिली आहे. त्यात भात, दर्भ, कुश, काश अशा गवतवर्गातल्या वनस्पतींची मुळे आहेत. मेथी, अळीव, शेपा, शतावरी त्यात नाहीत. शतावरीला पुढच्या निघंटूंनी स्तन्यवर्धक म्हटले. पण अळिवाची खीर, मेथीचे नि डिंकाचे लाडू आणि जेवणानंतर चिमूटभर शेपा हा क्रम सासू-आयांनी सांभाळला.

त्यांची नोंद सापडते ती नावांत. शेपूचे बी म्हणजे मराठीत 'बाळंतशेपा'. पावसाळ्यात कुंपणावर ज्वालेसारखी फुले घेऊन चढणारी वेल म्हणजे 'कळलावी', कळा लावणारी. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, गर्भपातिनीही म्हणतात. वार अडकली तर लांगलीच्या मुळाचा कल्क बाईच्या तळहातांना नि तळपायांना लावावा, असे सुश्रुताने सांगितले आहे. तो लावायचा आहे, पोटात घ्यायचा नाही. या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असते आणि तो खाल्ल्याने माणसे दगावतात. नाव कोशात येते. हा फरक मात्र जाणत्या हाताबरोबर राहतो आणि त्याच्याबरोबरच जातो.

श्रीरामपूरला हा धागा पुन्हा मराठीशी जोडला गेला. कॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेल्या तिथल्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या. हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टर हव्यात, म्हणून मी अमेरिकेला जाते, असे त्यांनी सांगितले. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके त्यांनी शेजारी ठेवली. आपल्याकडच्या प्रसूतिविद्येवर अशा रीतीने लिहू शकणारी ती मराठी बाई पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने गेली. वय अवघे एकवीस.

तिसरे पुस्तक, सुईणीच्या तोंडचे, शेजारी ठेवायचे राहूनच गेले. आज शतावरीचे डबे दुकानात मिळतात, पण शतावरी-मेथीने दूध वाढते का, यावरचे अभ्यास अजून लहान आणि अपुरे आहेत. तपासणी व्हायलाच हवी; पण तपासायचे काय, हे आधी विचारावे लागेल. कितव्या दिवसापासून, किती, कशाबरोबर आणि कोणाला द्यायचे नाही? ही उत्तरे देऊ शकणाऱ्या आज्या अजून काही घरांत आहेत. त्यांच्याकडून फक्त लाडवाची कृती लिहून घेतली, तर आपणही यादीच केली असे होईल.