पाच इंग्रजी अक्षरे

मिहानमधील एका संगणक कंपनीत असलेला आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी महाविद्यालयात आला होता. २००२ सालच्या वार्षिकांकाची धारिका त्याने आपल्या संगणकावर उघडली, तर 'मराठी' ह्या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे! मजकूर कृतिदेव टंकातला आणि तो टंक त्याच्यापाशी नव्हता.

मराठी महाजालाचा पूर्वेतिहास ह्या पाच अक्षरांत आहे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे, ही त्या काळची युक्ती. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी, त्यामुळे एकातला मजकूर दुसऱ्यात निरर्थक. प्रमाण नव्हते असे मुळीच नाही. भारतीय मानक ब्यूरोचे 'इस्की' १९९१ सालचे. युनिकोडमधील देवनागरीही इस्कीच्याच १९८८ सालच्या आराखड्यावर बेतलेली. विंडोज २०००पासून ती घरगुती संगणकावर दिसूही लागली.

तरी ती आधी स्वीकारली कोणी? हौशी मंडळींनी. मराठी विकिपीडिया २००३ साली आणि 'मनोगत' २००४ साली युनिकोडमध्येच सुरू झाले. १९९६पासूनच्या 'मायबोली'ला जुन्या पद्धतींतून वाट काढत तिथवर यावे लागले. ज्यांच्यापाशी मजकुराचे भांडार होते ती वृत्तपत्रे बहुधा मागे राहिली. छपाईसाठी जुळवलेले पान त्याच टंकात महाजालावर चढवणे सोपे होते. वाचकाने टंक उतरवून घ्यावा, एवढीच अपेक्षा. पण शोधयंत्राला टंक दिसत नाही, त्याला दिसतात ती पाच इंग्रजी अक्षरे. त्यामुळे त्या वर्षांतला एखादा हौशी पाककृतीलेखक आज शोधता येतो आणि त्याच काळातला साक्षेपी अग्रलेख, रूपांतर झाले नसेल तर, हाती लागत नाही. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला ही उलटापालट परवडणारी नाही.

युनिकोड आले म्हणून एकवाक्यता आली, असेही नाही. 'दऱ्या'तला अर्धा र दोन प्रकारांनी लिहिता येतो. स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र देऊन काम भागवले जाई, आजही जाते. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरे. परवा एका प्रबंधाच्या धारिकेत 'ॲरिस्टॉटल' शोधला, तर दुसरे अख्खे प्रकरण निसटले. तिथला ॲरिस्टॉटल जुन्या पद्धतीने लिहिलेला होता.